जुन्या गाडीतला शॉर्ट कसा शोधायचा आणि त्या कामाचे पैसे कसे लावायचे?



ऑटो इलेक्ट्रिकलचं काम शिकणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, नवीन गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. तिथे स्कॅनर आहे, सॉफ्टवेअर आहे. मग आमच्याकडे येणार कोण?"

याचं एक उत्तर म्हणजे जुन्या गाड्या. पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुनी जीप, हेराल्ड. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, पणजी अशा शहरांत या गाड्या हौसेने जपणारे लोक आहेत. काहींच्या घरी आजोबांची गाडी आहे, काहींनी मुद्दाम विकत घेतली आहे. या गाड्यांना स्कॅनर लावायला जागाच नसते, कारण त्यात कॉम्प्युटर नाही. तिथे चालतं ते फक्त डोकं, हात आणि पद्धत.

आणि या गाड्यांचा सगळ्यात मोठा, सगळ्यात धोक्याचा आजार म्हणजे शॉर्ट सर्किट. व्हिडिओत हाताने करून दाखवलेलं काम इथे सविस्तर लिहितोय. वहीत उतरवून घ्या आणि प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीवर लावा.

आधी बाजार समजून घ्या

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० वरून बनवलेल्या गाडीला १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. तिचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं आणि २०२३ मध्ये टॅक्सी म्हणूनही ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. मॉरिस ऑक्सफर्डवरून बनलेली ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती. म्हणजे अगदी शेवटची पद्मिनीसुद्धा आज वीस वर्षांच्या पुढची आहे आणि बऱ्याच गाड्या चाळीस-पन्नास वर्षांच्या आहेत.

दुसरी गोष्ट. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, मोठे बदल न केलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, पण प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभालीसाठी रस्त्यावर आणता येते. यातले 'मूळ स्वरूपात' हे शब्द लक्षात ठेवा. मालकाला गाडीचं मूळपण जपून काम करणारा माणूस हवा असतो. "जुनी वायरिंग काढून टाका, नवीन ओढतो" म्हणणारे भरपूर आहेत. नेमका दोष शोधून तेवढंच दुरुस्त करणारे कमी आहेत. तुमची जागा तिथे आहे.

ग्राहक 'शॉर्ट' म्हणतो, पण ते शॉर्टच असतं का?

ग्राहकासाठी गाडीतला विजेचा प्रत्येक बिघाड हा 'शॉर्ट' असतो. आपल्यासाठी ते चार वेगळे आजार आहेत.

१. शॉर्ट: बॅटरीकडून आलेली वायर दिव्यापर्यंत किंवा मोटरपर्यंत जाण्याआधीच बॉडीला टेकते. खूण म्हणजे फ्यूज लगेच उडतो, किंवा फ्यूज नसलेल्या लाइनीत वायर तापते आणि वास येतो.

२. वायर तुटणे: करंट पोचतच नाही. दिवा लागत नाही, पण फ्यूज शाबूत असतो.

३. खराब अर्थ: बॉडीकडून परत जाणारी वाट गंजलेली असते. दिवा मंद लागतो. डावा इंडिकेटर दिला की टेललाइटही लुकलुकायला लागते, ही याची ओळख.

४. गळती: गाडी बंद असताना कुठेतरी थोडा करंट वाहत राहतो. फ्यूज उडत नाही, पण दोन दिवसांनी बॅटरी झोपते.

गाडी दारात आली की पहिले हे चार प्रश्न विचारा: फ्यूज उडतो का? कधी उडतो? वास येतो का? बॅटरी किती दिवसांत उतरते? या चार उत्तरांवर तुमचे निम्मे कष्ट वाचतात. शिवाय मालकालाही कळतं की हा माणूस विचार करून हात लावतोय.

फ्यूज उडतो म्हणजे नेमकं काय होतं?

हिशोब साधा आहे. पाच वॅटचा टेललाइटचा बल्ब बारा व्होल्टवर अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी करंट घेतो. चाळीस-पंचेचाळीस वॅटचे दोन हेडलाइट मिळून साडेसात अँपिअरच्या आसपास घेतात. हा झाला नेहमीचा कारभार.

आता वायरचं इन्सुलेशन घासलं आणि तांबं बॉडीला टेकलं. वाटेत बल्ब नाही, म्हणजे अडवणारं कुणी नाही. समजा बॅटरीपासून बॉडीपर्यंत सगळा मिळून रोध ०.०५ ओम उरला. १२ भागिले ०.०५ म्हणजे २४० अँपिअर. १२ गुणिले २४० म्हणजे २,८८० वॅट. घरातली इस्त्री साधारण १,००० वॅटची असते. जवळजवळ तीन इस्त्र्यांची उष्णता त्या वाटेत, आणि ती वाट जाते कुठून? गालिच्याखालून, सीटच्या कापसाजवळून, पेट्रोलच्या पाइपशेजारून.

फ्यूज हा त्या वायरचा पहारेकरी आहे. म्हणून फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा गुंडाळणं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणं, किंवा आठ अँपिअरच्या जागी तीसचा फ्यूज टाकणं म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवून दार उघडं ठेवणं. गाडी त्या दिवशी चालेल. जळेल तेव्हा मात्र ती कुणाच्या तरी वडिलांची आठवण असेल, आणि गल्लीत नाव तुमचं निघेल.

आणखी एक गोष्ट. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या अनेक गाड्यांत फ्यूज दोनच असतात आणि हेडलाइट किंवा इग्निशनच्या लाइनीला फ्यूज नसतोच. म्हणजे तिथे शॉर्ट झाला तर उडायला काहीच नाही, थेट वायर जळते. त्यामुळे "फ्यूज ठीक आहे, म्हणजे शॉर्ट नाही" हा निष्कर्ष जुन्या गाडीत काढायचा नाही.

हात लावण्याआधी

- हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरी आणि बॉडीच्या मध्ये सापडलेली अंगठी क्षणात तापते आणि बोट भाजतं.
- पेट्रोलचा वास येतोय का बघा. येत असेल तर आधी पेट्रोलची गळती बंद करा, वायरिंग नंतर.
- ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. कोपऱ्यात नको, हाताशी.
- बॅटरी सोडताना बॉडीला जोडलेली केबल आधी काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. असं केलं की पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.
- बॉडीला कुठलं टोक जोडलंय ते डोळ्यांनी बघा. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असतो. काही फार जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या असतात. सवयीने मायनस बॉडीला लावलात तर डायनामो, रेडिओ दोन्हींचं नुकसान होऊ शकतं.

लागणारी हत्यारं

यादी छोटी आहे आणि धंदा सुरू करणाऱ्याला परवडणारी आहे.

- १० अँपिअरची रेंज असलेला डिजिटल मल्टिमीटर.
- २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डर, दोन लांब वायरी आणि टोकाला क्रोकोडाइल क्लिपा. हा आपला टेस्ट लॅम्प, घरीच बनवा.
- बॅटरी, हातात धरायचा आरसा, बारीक ब्रश, सँडपेपर.
- मास्किंग टेप आणि मार्कर. सोडलेल्या प्रत्येक वायरला नंबर.
- मोबाइलचा कॅमेरा. काहीही सोडण्याआधी फोटो.
- त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. नसेल तर हाताने काढायची वही.

डायग्राम वाचताना रंग मदत करतात. ब्रिटिश वळणाच्या गाड्यांमध्ये ल्युकास कंपनीची रंगपद्धत दिसते. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, फ्यूजशिवाय. जांभळा म्हणजे कायम चालू पण फ्यूजमधून. पांढरा म्हणजे इग्निशन चालू केल्यावर. हिरवा म्हणजे इग्निशननंतर फ्यूजमधून. लाल पार्किंग लाइटला, निळा हेडलाइटला, काळा अर्थ. पण चाळीस वर्षांत गाडीला किती हात लागलेत कुणाला माहीत! रंगावरून अंदाज बांधा, खात्री मात्र मीटरनेच करा.

मुख्य पद्धत: फ्यूजच्या जागी बल्ब

आता मुद्द्यावर येऊ. नवीन फ्यूज टाकायचा, तो उडाला की दुसरा टाकायचा, असं करत डबा संपवायचा नाही. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन क्लिपांवर टेस्ट लॅम्पच्या दोन वायरी लावा.

हे का चालतं? २१ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच जाऊ देतो. पुढे कितीही मोठा शॉर्ट असला तरी करंट त्याच्या वर जाणार नाही. वायर तापणार नाही, आणि तुम्ही निवांतपणे शोधत बसू शकता. बल्ब काय सांगतो ते असं:

- बल्ब पूर्ण प्रकाशला: पुढे थेट शॉर्ट आहे.
- बल्ब मंद किंवा मध्यम पेटला: पुढे एखादा दिवा किंवा मोटर चालू आहे, किंवा अर्धवट गळती आहे.
- बल्ब विझलेला: त्या लाइनीत आत्ता करंट वाहत नाही.

यात नवीन मुलं एका ठिकाणी अडकतात. त्या लाइनीवरचे गाडीचे बल्ब तसेच ठेवले तर टेस्ट लॅम्प त्यांच्यामुळेही पेटतो, कारण थंड बल्बची तार खूप कमी रोधाची असते. मग शॉर्ट आहे की नाही कळत नाही. म्हणून त्या लाइनीवरचे सगळे बल्ब आधी काढून घ्या. आता टेस्ट लॅम्प अजिबात पेटायला नको. तरीही पेटला, तर शॉर्ट नक्की.

एक उदाहरण, पायरी पायरीने

समजा एक जुनी गाडी आली. मालक म्हणतो, "पार्किंग लाइट लावला की फ्यूज उडतो." ही लाइन पुढचे दोन दिवे, मागचे दोन दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचे दिवे अशी पसरलेली आहे. नंबर प्लेटचा दिवा डिकीच्या झाकणावर आहे.

पायरी १. फ्यूज काढून टेस्ट लॅम्प लावला. स्विच बंद असताना लॅम्प विझलेला. स्विच चालू केला, लॅम्प पूर्ण प्रकाशला. म्हणजे दोष स्विचच्या पुढे आहे, आणि फ्यूजपासून स्विचपर्यंतची वायर सुटली.

पायरी २. लाइनीवरचे सगळे बल्ब काढले. लॅम्प अजूनही पूर्ण पेटलेला. म्हणजे बल्बचा भार नाही, शॉर्टच आहे.

पायरी ३. आता अर्धे-अर्धे करायचं. मागे जाणारी वायर जिथे जोडलेली आहे तो जोड सोडला. लॅम्प विझला! म्हणजे पुढचा भाग आणि डॅशबोर्ड ठीक. एका झटक्यात निम्मी गाडी यादीतून गेली.

पायरी ४. मागचा जोड परत लावला. लॅम्प पुन्हा पेटला. डावा टेललाइट सोडला, लॅम्प पेटलेलाच. उजवा सोडला, पेटलेलाच. नंबर प्लेटची वायर सोडली, आणि लॅम्प विझला. सापडली वायर.

पायरी ५. आता ती वायर डोळ्यांनी आणि बोटांनी तपासायची. वायर डिकीच्या बिजागरीजवळून झाकणात शिरते. झाकण उघड-बंद होताना ती दर वेळी वाकते आणि पत्र्याच्या भोकातला रबरी ग्रोमेट केव्हाच गळून पडलाय. तिथे इन्सुलेशन कापलं जाऊन तांबं उघडं पडलंय.

पायरी ६. दुरुस्ती झाल्यावर लॅम्प परत लावून बघायचा. विझलेला राहिला की सगळे बल्ब परत बसवायचे, कंपनीने सांगितला तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज टाकायचा, आणि डिकी दहा वेळा उघडून-मिटून बघायची.

या सगळ्यात एकही फ्यूज वाया गेला नाही, एकही वायर उगाच कापली नाही. ही पद्धत हेडलाइट, वायपर, हॉर्न, सगळीकडे चालते. वायपरसारखी मोटर असेल तिथे बल्ब काढण्याऐवजी मोटरची वायर सोडायची, एवढाच फरक.

बॅटरी रात्रीत उतरते तेव्हा

इथे फ्यूज उडत नाही, त्यामुळे पद्धत थोडी वेगळी. गाडीतलं सगळं बंद करा, दारं मिटा, चावी काढा. बॅटरीची बॉडीकडची केबल सोडा आणि टर्मिनल व केबल यांच्या मध्ये आधी टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प झगझगीत पेटला तर मोठी गळती आहे, मीटर लावू नका, त्याचा फ्यूज जाईल. पेटला नाही तर लॅम्पच्या जागी मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही आणि हेडलाइट लावायचे नाहीत, हे गॅरेजमधल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

नवीन गाडीत कॉम्प्युटर जागा असतो म्हणून पन्नास मिलीअँपिअरपर्यंत चालतं. जुन्या गाडीत घड्याळ नसेल तर मीटरने शून्याच्या आसपासच दाखवायला हवं. समजा ०.४ अँपिअर दिसला. तो पाच वॅटच्या एखाद्या बल्बाएवढा आहे. ४० अँपिअर-तासाची बॅटरी त्यावर शंभर तासांत पूर्ण रिकामी होते, पण सेल्फ मारण्याइतकी ताकद त्याच्या बरीच आधी जाते. मालक म्हणतो, "शनिवारी चालू झाली, सोमवारी नाही झाली." हे गणित जुळतं.

मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला, ती लाइन दोषी. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर फ्यूज नसलेल्या वायरी बघा: अल्टरनेटर असेल तर त्याची मुख्य वायर (डायोड गेला की गळती सुरू होते), डायनामोच्या गाडीत कटआउट (त्याचे पॉइंट चिकटले की बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जातो), आणि इग्निशन स्विच. नंतर बसवलेला टेप किंवा सेंट्रल लॉक असेल तर संशय आधी त्यावर घ्या.

शॉर्ट लपून बसतो त्या जागा

- फायरवॉलची भोकं, जिथून वायरी इंजिनाकडून आत येतात.
- डिकीची आणि दाराची बिजागरी.
- हेडलाइटची वाटी. पाणी साचतं, होल्डर गंजतो.
- स्टिअरिंग कॉलम. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नला करंट कायम असतो आणि बटण फक्त अर्थ देतं. ती वायर कॉलमला टेकली तर वळण घेताना हॉर्न आपोआप वाजतो, फ्यूज मात्र उडत नाही.
- गालिच्याखाली, सीटच्या रुळाजवळ.
- एक्झॉस्ट पाइपजवळून गेलेली कुठलीही वायर.
- आधीच्या कुणीतरी काळी टेप गुंडाळलेला प्रत्येक जोड.

आपल्याकडे दोन गोष्टींची भर पडते: पावसाळा आणि उंदीर. कोकण, गोवा, मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं. आणि महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत उंदीर घर करतात, वायरी कुरतडतात. गाडी पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बाहेर काढली असेल, तर बॅटरी जोडण्याआधी बॉनेट उघडून लेंड्या आणि कुरतडलेले तुकडे शोधा.

कधीमधी येणारा शॉर्ट सगळ्यात जास्त छळतो. तिथे टेस्ट लॅम्प फ्यूजच्या जागी लावून ठेवा आणि एकाला लॅम्पकडे बघायला सांगा. दुसऱ्याने वायरिंगचा जुडगा हळूहळू हलवत जायचं, वीतभर-वीतभर. स्टिअरिंग फिरवा, दारं आपटा, सीट सरकवा. जिथे लॅम्प लुकलुकला तिथे थांबा.

दुरुस्ती अशी, की परत गाडी येऊ नये

दोष सापडला म्हणून काम संपलं नाही. जाडी जुन्या वायरइतकी किंवा थोडी जास्त, कधीच कमी नाही. रंग शक्य तितका मूळचाच. जोड पिळून टेप मारायची नाही. नीट क्रिंप किंवा सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. भोकात नवा ग्रोमेट. वायर हलू नये म्हणून क्लिप. अर्थचा पॉइंट पत्रा चकाकेपर्यंत घासून घट्ट करा.

जुडग्यातल्या सगळ्याच वायरींचं इन्सुलेशन वाकवल्यावर तडकत असेल, तर मात्र मालकाला स्पष्ट सांगा की एक जोड करून उपयोग नाही, पूर्ण हार्नेस बदलावा लागेल. ते सांगताना तडकलेली वायर त्यांच्या हातात द्या. बोलण्यापेक्षा ते जास्त पटतं. सोबत बॅटरीचा कट-ऑफ स्विच सुचवा. गाडी उभी करताना तो बंद केला की गळतीही थांबते आणि बंद गाडीत आग लागण्याची भीतीही फार कमी होते. हा स्विच गाडीचं रूप न बदलता बसवता येतो.

आता पैशाचं बोलू

इथे आपली माणसं कच्ची पडतात. चार तास शोधलं, एक फूट वायर बदलली, आणि ग्राहक म्हणतो, "एवढ्याशा वायरीचे किती घेणार?" मग आपण दोनशे रुपये घेतो आणि मनात कुढत बसतो.

तुम्ही वायर विकलेली नाही, निदान विकलंय. डॉक्टर गोळीचे नाही, तपासणीचे पैसे घेतात. पण ते आधी सांगून घेतात. तुम्हीही आधी सांगा.

तासाचा दर असा काढा. समजा जागेचं भाडं १०,०००, वीज-फोन २,०००, हत्यारांची झीज ३,००० आणि तुमचा स्वतःचा पगार २५,०००. महिन्याचा खर्च ४०,०००. दिवसाचे आठ तास गॅरेज उघडं असलं तरी प्रत्यक्ष बिल होणारे तास चारच धरा. २५ दिवसांचे १०० तास. म्हणजे ४०० रुपये तासाला ही तुमची किंमत. याखाली घेतलं तर खिशातून जातंय. त्यावर नफा धरून ५०० लावा. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, रीत तीच ठेवा.

मग जॉब कार्डवर लिहा: "निदान, दोन तासांपर्यंत १,००० रुपये. जास्त वेळ लागणार असेल तर आधी फोन. दुरुस्ती व सामान वेगळं." ग्राहकाची सही घ्या. त्याच कार्डावर गाडी आली तेव्हाची अवस्था लिहा: कुठले दिवे लागत होते, कुठे आधीचे जोड होते, फ्यूजच्या जागी वायर गुंडाळलेली होती का. फोटो जोडा. उद्या "तुमच्याकडे देण्याआधी हे चालत होतं" असा वाद झाला, तर तो कागद तुमच्या बाजूने बोलेल.

देताना ग्राहकाला तीन फोटो पाठवा: दोष, दुरुस्ती, आणि योग्य फ्यूज बसवलेला फ्यूज बॉक्स. जुन्या गाड्यांचे मालक एकमेकांना ओळखतात, रॅलीत भेटतात, त्यांचे ग्रुप असतात. तुमचे तीन फोटो त्या ग्रुपमध्ये फिरले की वेगळी जाहिरात करायची गरज उरत नाही.

एक ठाम नियम मात्र पाळा. ग्राहक म्हणाला, "आत्ता मोठा फ्यूज टाकून द्या, रॅलीनंतर बघू," तर नाही म्हणा. त्याऐवजी ती लाइन सोडून, टोक बंद करून, बाकी गाडी सुरक्षित करून द्या आणि बिलावर तसं लिहा. नंबर प्लेटचा दिवा नाही लागला तर रात्री गाडी चालवता येणार नाही, एवढंच. एखादं गिऱ्हाईक नाराज होईल. चालेल.

या आठवड्याचा गृहपाठ

१. टेस्ट लॅम्प बनवा.
२. घरच्या किंवा ओळखीच्या कुठल्याही जुन्या दुचाकीच्या नाहीतर गाडीच्या एका लाइनीचा डायग्राम हाताने काढा. फ्यूज, स्विच, दिवा, अर्थ.
३. स्वतःचा तासाचा दर वरच्या रीतीने काढून वहीत लिहा.
४. एक पानाचं जॉब कार्ड तयार करून वीस प्रती काढा.

ही चारही कामं झाली, की तुमच्याकडे हत्यार आहे, पद्धत आहे, दर आहे आणि कागद आहे. पुढच्या व्हिडिओत डायनामो आणि कटआउटची तपासणी घेऊ. तोपर्यंत कामाला लागा!